रोबोला हार, ऑपरेटरला दार

पुण्याच्या आसपास कुठल्याही एमआयडीसीत जा, एक नवं दैवत दिसेल. रंगाने केशरी नाहीतर पिवळं, हात एकच, सांधे सहा आणि चारी बाजूंनी जाळीचं मखर. पाहुणे आले की आधी त्याचं दर्शन, मग केबिनमध्ये चहा. खंडेनवमीला तर विचारूच नका. एका कारखान्यात म्हणे त्याला झेंडूचा इतका घसघशीत हार घातला, की पूजा आटोपल्यावर ते हलेचना. स्क्रीनवर लाल अक्षरांत एरर. रोबो बसवून देणाऱ्या इंटिग्रेटरला फोन गेला. त्याने आधी व्हिजिट चार्जेस सांगितले आणि मग 'उद्या माणूस पाठवतो' म्हणाला. तेवढ्यात झाडू मारणाऱ्या मावशींनी लाइट कर्टनच्या, म्हणजे अडथळा आला की रोबो थांबवणाऱ्या किरणांच्या, समोर लोंबणारा हार उचलून बाजूला केला, कोणीतरी रीसेट दाबलं आणि रोबो सुरू झाला. मावशींना व्हिजिट चार्जेस कोणी दिले नाहीत.

रोबोशी आमचं वैर नाही. भांडण आहे ते क्रमाशी. आधी रोबो येतो. मग त्याच्यासाठी काम शोधलं जातं. मग त्या कामात काय काय अडचणी आहेत ते कळतं. आणि ज्याच्या हातून ते काम काढून घ्यायचं, त्याला हे सगळं सर्वांत शेवटी कळतं, तेही चहाच्या टपरीवर.

रिकामा रकाना

रोबो का घेतला, असं मालकाला विचारलं की उत्तर मिळतं, 'प्रॉडक्टिव्हिटी'. मॅनेजरला विचारलं तर तो आधी दार लावून घेतो, मग खरं सांगतो.

ग्राहक कंपनीचं ऑडिट होतं. त्यांच्या चेकशीटमध्ये ऑटोमेशनचा एक रकाना होता आणि तो रिकामा राहिला की गुण कापले जाणार होते. म्हणून रोबो. किंवा मालक बेंगळुरूच्या इम्टेक्स प्रदर्शनाला जाऊन आले होते. तिथे रोबो पाहुण्यांना गुलाबाचं फूल देत होता. आपल्या कारखान्यात गुलाब बनत नाहीत, तेलकट कास्टिंग बनतात, हे परतीच्या विमानात कोणाच्या लक्षात आलं नाही. किंवा शेजारच्या प्लॉटवाल्याने घेतला होता. किंवा धाकटे शेठ परदेशातून शिकून आले होते आणि आल्या आल्या त्यांनी गेटवर 'इंडस्ट्री ४.०'ची पाटी लावली होती. पाटी ४.०ची, तिच्यामागचा कंप्रेसर २.०चा आणि पावसाळ्यात गळणारं छप्पर कुठल्या क्रांतीचं, ते इतिहासकारांनी ठरवावं.

ही 'इंडस्ट्री ४.०', म्हणजे चौथी औद्योगिक क्रांती, जर्मनीतली. २०११ मध्ये हॅनोव्हरच्या औद्योगिक प्रदर्शनात जर्मनांनी ती जगापुढे मांडली. त्यांच्याकडे ती आधीच्या तीन पायऱ्या चढून झाल्यावर आली. आम्ही लिफ्टची वाट पाहत तळमजल्यावर उभे आहोत.

आकड्यांत म्हणाल, तर देश मागे नाही. आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाच्या मोजणीनुसार २०२३ मध्ये भारतात ८,५१० औद्योगिक रोबो बसवले गेले आणि वर्षभरात रोबो बसवणाऱ्या देशांत आपण सातवे आलो. अभिनंदन. बसवलेल्या रोबोंचा आकडा छापून येतो. कोपऱ्यात ताडपत्रीखाली झाकून ठेवलेल्यांचा येत नाही.

अठरा महिन्यांचं गणित

प्रत्येक कोटेशनच्या शेवटच्या पानावर एक वाक्य असतं: 'गुंतवणूक अठरा महिन्यांत वसूल.' हे वाक्य इतक्या कोटेशनांत इतकं एकसारखं असतं, की पहिलं ऑटोमेशन तिथेच झालंय अशी शंका येते.

समजा, रोबोची एक सेल २५ लाखांची. तिच्यामुळे वाचणारा ऑपरेटर महिना २० हजारांचा. पाळ्या दोन, म्हणजे माणसं दोन. महिन्याला ४० हजार वाचले, वर्षाला ४ लाख ८० हजार. नुसता भागाकार केला तरी पैसे फिटायला सव्वापाच वर्षं लागतात. मग अठरा महिने आले कुठून? कोटेशन नीट वाचा. तिथे तीन पाळ्या धरल्यात, चालतात दोन. प्रत्येक पाळीत दोन माणसं धरलीत, उभा असतो एक. आणि गुरुवारची सुट्टी धरलेलीच नाही. सहा माणसं, आठवड्याचे सातही दिवस, एवढं गृहीत धरलं की बरोबर अठरा महिने येतात. गणितात चूक एकही नाही. चूक कारखान्याची, तो गणितासारखा चालत नाही.

आता कोटेशनमध्ये नसलेल्या ओळी लिहा. दहा टक्क्यांनी पहिल्या वर्षीचं व्याज अडीच लाख. पाच टक्के वार्षिक देखभालीचे (एएमसी), सव्वा लाख. ४ लाख ८० हजारांतून उरले १ लाख ५ हजार. आणि रोबो सांभाळायला एक डिप्लोमावाला मुलगा ठेवावाच लागतो. त्याला महिना ३० हजार धरले, तर वर्षाला ३ लाख ६० हजार. म्हणजे ऑपरेटर वाचवायला गेलेला मालक वर्षअखेर अडीच लाखांनी खड्ड्यात. माणूस कमी करायला निघाले होते, कमी झाली ती बँकेतली शिल्लक.

एकच जॉब, लाखांच्या संख्येत, वर्षानुवर्षं, तिन्ही पाळ्या चालणार असेल, तर रोबोचे पैसे फिटतात आणि झकास फिटतात. मोठ्या गाडी कंपन्यांचं वेल्डिंग बघा. पण आमच्या छोट्या कारखान्याचं शेड्युल सोमवारी एक आणि बुधवारी दुसरंच. दीडशे नगांची लॉट संपते न संपते तोच 'अर्जंट' म्हणून तिसराच जॉब उतरतो. दर जॉबला वेगळा ग्रिपर, वेगळं फिक्श्चर, वेगळा प्रोग्रॅम. माणसाला सांगायला एक वाक्य पुरतं: 'हे राहू दे, ते लाव.' रोबोला हेच वाक्य सांगायला इंटिग्रेटरचा माणूस दोन दिवस राहतो, जेवणखाणासह.

मामांचा अंगठा

अशा प्रत्येक कारखान्यात एक जुने सेटर असतात. हजेरीपटावर नाव काहीही असो, शॉपफ्लोअरवर ते मामा. व्हीएमसी मशीनवर कास्टिंग लावताना त्यांच्याकडे पाच मिनिटं नीट बघा.

मामा जॉब उचलतात, पण लगेच ठेवत नाहीत. आधी एअर गन फिक्श्चरवरून फिरवतात. मग उजव्या हाताचा अंगठा तिन्ही रेस्ट पॅडवरून सर्रकन ओढतात. धातूची केसाएवढी चिप राहिली असली तरी ती अंगठ्याला लागते. डोळ्यांना दिसत नाही, कूलंटच्या थराखाली दडलेली असते. ती पुसली की जॉब बसवतात, एक हलकी टपली मारतात, आवाज 'ठक्क' आला तर क्लॅम्प करतात, 'ठप्प' आला तर पुन्हा उचलतात. एका विशिष्ट फाउंड्रीचं कास्टिंग असेल, तर त्याची पार्टिंग लाइन किंचित उठलेली असते. त्यावर कानशीचे दोन हात मारल्याशिवाय मामा ते मशीनवर चढवत नाहीत. आणि इन्सर्ट कधी बदलायचा, हे काउंटरपेक्षा त्यांच्या कानाला आधी कळतं.

आता वर्क इन्स्ट्रक्शनचा कागद बघा, प्लॅस्टिकच्या पाकिटात, मशीनवर चिकटवलेला. त्यात चार ओळी आहेत: जॉब उचलणे, फिक्श्चरमध्ये बसवणे, क्लॅम्प करणे, बटण दाबणे. इंटिग्रेटरने या चार ओळींचं ऑटोमेशन केलं. कागदावर होतं तेवढं सगळं केलं, त्याला दोष देता येणार नाही.

उद्घाटनाच्या दिवशी रोबोने नवेकोरे, पुसून ठेवलेले जॉब शिस्तीत लावले. टाळ्या, पेढे, व्हिडिओ. चौथ्या रात्री एक चिप पॅडवर राहिली. रोबोला अंगठा नाही. त्याने त्या चिपवर जॉब टेकवला, क्लॅम्प केला, बोअर मारला. पुढचा घेतला. त्याला झोप येत नाही, तंबाखू खायला तो बाहेर जात नाही, शंका तर मुळीच येत नाही. सकाळी फर्स्ट शिफ्ट आली, तेव्हा ट्रेमध्ये ओळीने जॉब रचलेले, सगळे एकाच दिशेला, एकाच मापाने तिरके. रिपीटेबिलिटी वाखाणण्यासारखी.

धाकटे शेठ हातात रिजेक्ट जॉब घेऊन मामांकडे आले. "मामा, चिपचं तुम्हाला माहीत होतं, तर आधी का नाही सांगितलंत?"

मामा म्हणाले, "दादा, विचारलंत कधी? माझ्या जागेवर ते येणार, हे मला टपरीवाल्याने सांगितलं."

हे उत्तर कुठल्याच सल्लागाराच्या स्लाइडवर नसतं. ज्याला काढायचं, त्याच्याकडूनच त्याच्या हातातली अक्कल काढून घ्यायची आहे, आणि त्याला काढणार हे आधीच त्याच्या कानावर गेलंय. आपल्याच पायावर पाडायचा धोंडा माणूस आपण होऊन आणून देत नाही. वीस वर्षं पाळीला एक मिनिट उशीर झाला तर अर्धा दिवस कापला. आता त्याने आपणहून पार्टिंग लाइनचं गुपित सांगावं, ही अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची?

पुढे काय झालं, तेही ऐका. फिक्श्चरला एअर ब्लो बसवला. जॉब पॅडवर नीट टेकला की नाही, हे हवेच्या दाबावरून ओळखणारा सेन्सर बसवला. मग रोबो सुरळीत चालू लागला. हे दोन्ही रोबोच्या आधीच बसवलं असतं, तर मामांच्या हातूनही रिजेक्शन घटलं असतं आणि कदाचित रोबोची गरजच उरली नसती. पण एअर ब्लोचं उद्घाटन करायला ग्राहक कंपनीचे साहेब येत नाहीत.

एका छपराखाली दोन धडे

हे फक्त आपल्याकडेच घडतं, असं समजून कोणी न्यूनगंड बाळगू नये. मोठ्या घरचे वासेही पोकळ असतात.

१९८०च्या दशकात जनरल मोटर्सचे अध्यक्ष रॉजर स्मिथ यांनी जपान्यांना रोबोंनी नमवायचं मनावर घेतलं. अब्जावधी डॉलर ओतले. १९८५ मध्ये सुरू झालेला डेट्रॉइटचा हॅमट्रॅम्क कारखाना म्हणजे या स्वप्नाचा शोरूमच. तिथले रंगारी रोबो गाड्या सोडून एकमेकांनाच रंगवतात, असे किस्से अमेरिकेत छापून आले.

गंमत अशी, की त्याच काळात त्याच कंपनीच्या घरात उलटा प्रयोग चालू होता. कॅलिफोर्नियातला फ्रीमाँटचा कारखाना जनरल मोटर्सने १९८२ मध्ये बंद केला होता. तिथले कामगार दांड्या मारणारे, भांडखोर म्हणून बदनाम. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत 'नुमी' या नावाने तो पुन्हा उघडला. कामगार बव्हंशी तेच. रोबोंचा थाट नाही. बदललं ते एवढंच, की काम कसं करायचं ते कामगारांनी मिळून बसवायचं आणि चूक दिसली तर दोरी ओढून लाइन थांबवायचा हक्क प्रत्येकाला. थोड्याच काळात तिथल्या गाड्या दर्जात जनरल मोटर्सच्या उत्तम गाड्यांच्या पंगतीला जाऊन बसल्या. एकीकडे अब्जावधींचे रोबो, दुसरीकडे एक दोरी. जिंकली दोरी.

२०१० मध्ये नुमी बंद पडली. ती इमारत घेतली टेस्लाने. २०१८ उजाडलं. मॉडेल ३ या गाडीचं लक्ष्य होतं आठवड्याला ५,००० गाड्या. इलॉन मस्क यांना माणसाचा हात न लागता चालणारा कारखाना हवा होता. गाड्या निघेनात. कन्व्हेयरचं गुंतागुंतीचं जाळं उखडून फेकावं लागलं. एप्रिलमध्ये मस्क यांनी जाहीरपणे कबूल केलं, की अति ऑटोमेशन ही चूक झाली, ती माझी आणि माणसाला आपण कमी लेखतो. मग आवारात भलामोठा तंबू ठोकून त्यात असेंब्ली लाइन टाकली, माणसं लावली आणि जूनअखेर ५,००० गाठले.

जो धडा १९८४ मध्ये त्या छपराखाली गिरवून झाला होता, तोच २०१८ मध्ये पुन्हा जबर फी भरून शिकावा लागला. कारखाना विकत मिळतो, आधीच्या माणसांचं शहाणपण इमारतीच्या खरेदीखतात येत नाही.

नको त्या कामाला रोबो

टेस्लाचाच आणखी एक किस्सा आहे आणि तो तर आपल्या प्रत्येक मॅनेजरच्या टेबलाच्या काचेखाली सरकवावा असा. बॅटरीच्या वर काचतंतूंचा एक मऊ पत्रा ठेवायचा असे. तो उचलून ठेवायला रोबो नेमला. रोबोला ते लोकरीसारखं प्रकरण उचलता येईना. लाइन अडली. प्रोग्रॅम सुधारला, वेग वाढवला, गोंद कमी केला. शेवटी कोणीतरी विचारलं, हा पत्रा आहे कशासाठी? बॅटरीवाले म्हणाले, आवाज कमी व्हावा म्हणून, त्या खात्याला विचारा. आवाजाचं खातं म्हणालं, आग लागू नये म्हणून, बॅटरीवाल्यांना विचारा. मग पत्रा असलेली आणि नसलेली अशा दोन गाड्यांत मायक्रोफोन ठेवून पाहिलं. फरक काही कळेना. पत्राच काढून टाकला.

एवढा मोठा रोबो, जे काम मुळात नकोच होतं ते करण्यासाठी.

आपल्याकडे याला 'पहिल्यापासून आहे' असं म्हणतात. जॉब मशीनवरून उतरला की त्याला गंज लागू नये म्हणून तेल लावायचं. मग तो दहा पावलांवरच्या दुसऱ्या मशीनवर जातो. तिथे तेलामुळे पकडीत घसरतो, म्हणून आधी धुवायचा. आता तेल लावायला ऑटोमॅटिक स्टेशन आलंय आणि ते तेल धुवायला ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन. मधली दहा पावलं कमी करून दोन्ही मशीन शेजारी ठेवता आली असती. पण मशीन हलवायला फाउंडेशन खणावं लागतं आणि फाउंडेशनला सबसिडी नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी आणि दोन्हीकडे पीएलसी.

तुटला धागा, थांबला माग

मग जपान्यांनी काय केलं? त्यांनी यंत्राला हात देण्याआधी थांबायला शिकवलं. साकिची टोयोडा या सुताराच्या मुलाचा १९२४चा जी-टाइप माग घ्या. ताण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबे. माग स्वतःच खोट ओळखून थांबतो म्हटल्यावर कामगाराला एकेका मागासमोर डोळे लावून उभं राहायची गरज उरली नाही, एक माणूस एका वेळी कितीतरी माग सांभाळू लागला. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनी एक लाख पौंड मोजून या मागाचे हक्क घेतले. याच घराण्याची पुढे टोयोटा मोटर झाली. मामांच्या कारखान्यातला रोबो रात्रभर तिरके बोअर मारत बसला, कारण त्याला चालायला शिकवलं होतं, थांबायला नाही.

आता आपल्या भिवंडीत, मालेगावात, इचलकरंजीत या. तिथल्या साध्या यंत्रमागांना धागा तुटल्यावर थांबण्याची सोय जोडावी, म्हणून केंद्र सरकारला अनुदान द्यावं लागलं, 'पॉवरटेक्स इंडिया' योजनेत, २०१७ मध्ये. १९२४ ते २०१७. मधली नव्वदहून अधिक वर्षं ते काम विणकराच्या डोळ्यांनी केलं, खडखडाटात, बारा-बारा तास. आणि आपण थेट कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गप्पा मारतो.

अक्कल महागच असते असंही नाही. १९६१ मध्ये शिगेओ शिंगो यांनी यामादा इलेक्ट्रिक या कारखान्यात एक साधी करामत केली. एका छोट्या स्विचमध्ये दोन स्प्रिंगा बसवायच्या असत. कामगार अधूनमधून एखादी विसरे. ओरडून, दंड करून भागेना. शिंगोंनी सांगितलं, डब्यातून आधी दोन स्प्रिंगा काढून एका बशीत ठेवा, मग जोडणीला लागा. जोडणी झाल्यावर बशीत स्प्रिंग उरली, म्हणजे राहून गेली. चूक थांबली. खर्च एका बशीचा.

बशीला रिबन बांधता येत नाही, हीच तिची अडचण.

चावी कोणाच्या खिशात?

रोबो आला, चालू झाला. आता तो बिघडेल, तेव्हाचं बोलू.

पीएलसीच्या, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या संगणकाच्या, प्रोग्रॅमला पासवर्ड असतो. तो इंटिग्रेटरकडे. कारखाना तुमचा, वीजबिल तुमचं, कर्ज तुमचं, पण मशीनच्या मेंदूची किल्ली दुसऱ्याच्या खिशात. एखादा प्रॉक्सिमिटी सेन्सर दोन मिलिमीटर सरकवला आणि टायमर थोडा वाढवायचा झाला, तरी फोन. ज्या मुलाने प्रोग्रॅम लिहिला, तो नोकरी सोडून गेलेला. बॅकअप? 'असेल लॅपटॉपवर.' पगारपत्रकाची फाइल तीन ठिकाणी जपणारा मालक, पंचवीस लाखांच्या मशीनच्या प्रोग्रॅमची प्रत मागायची विसरतो. करारात ते वाक्य घालायला पैसे पडत नव्हते.

स्क्रीनवर मेसेज येतो, 'ॲक्सिस थ्री ओव्हरट्रॅव्हल'. ऑपरेटर त्याचा अर्थ लावतो, 'रुसलंय', आणि रीसेट दाबतो. पुन्हा येतो, पुन्हा रीसेट. हे मेसेज मराठीत किंवा हिंदीत टाकायला प्रोग्रॅमवाल्याला एक दुपार पुरली असती. पण मेसेज ऑपरेटरने वाचायचा असतो, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. तो ऑडिटरला दाखवायचा होता.

आणि जाळीचं दार. दार उघडलं की रोबो थांबावा म्हणून तिथे सेफ्टी स्विच असतो. दार लागलं की त्यावरची किल्ली स्विचमध्ये जाते. एखाद्या रात्री जाऊन बघा. दार सताड उघडं आणि स्विचमध्ये दुसरीच एक सुटी किल्ली खुपसून ठेवलेली, वर टेप गुंडाळलेली. याला शॉपफ्लोअरवर 'बायपास' म्हणतात. सेफ्टी ऑफिसर आले की टेप निघते, गेले की लागते. ऑपरेटर बेफिकीर म्हणून नव्हे. चिप्स अडकतात, पाळीत वीस वेळा दार उघडावं लागतं, दर वेळी रोबो पहिल्यापासून सुरू होतो आणि संध्याकाळी प्रॉडक्शन कमी आलं की शिव्या ऑपरेटरला. चिप का अडकते, याचं उत्तर शोधलं असतं तर टेप लागलीच नसती. नोटीस मात्र टेपवर निघते, चिपवर नाही.

बोटांचा ताळेबंद

आता तिरकसपणा क्षणभर बाजूला.

जिथे रोबो खरंच हवा, तिथे तो नसतो. पॉवर प्रेसवर. पत्रा डायमध्ये ठेवायचा, पाय पेडलवर, शेकडो किलोचा रॅम खाली येतो, तुकडा काढायचा, पुन्हा पत्रा. दिवसभरात हजारो वेळा हात त्या जबड्यात जातो आणि बाहेर येतो. एखाद्या वेळी येत नाही. 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून 'क्रश्ड' या नावाने अहवाल काढतेय. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत हात जायबंदी झालेल्या, बोटं गमावलेल्या कामगारांची नोंद त्यात आहे. त्यात मोठा वाटा पॉवर प्रेसचा.

हे काम रोबोच्या स्वभावाला अगदी जुळणारं. तेच ते, धोक्याचं, कंटाळ्याचं. रोबोच कशाला, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय रॅम उतरू नये अशी सोय आणि डायपुढे नीट जाळी, एवढ्यानेही बरीच बोटं वाचतात. मग होत का नाही? कारण बोट तुटलं की उपचार आणि भरपाई ईएसआयसी या कामगार विम्याच्या खात्यावर. कारखान्याच्या ताळेबंदात त्याची ओळ नाही. माणूस कंत्राटी असेल, तर तोही ताळेबंदात नाही. रिजेक्ट जॉबची किंमत दर महिन्याला मीटिंगमध्ये लावली जाते, बोटाची लावली जात नाही. आणि आलेला रोबो बसतो कुठे? दर्शनी भागात, पाहुण्यांच्या वाटेवर, सोप्या जॉबवर. प्रेस शॉप मागच्या शेडमध्ये असतं. तिकडे पाहुणे नेत नाहीत.

ऑटोमेशनच्या कुठल्याही योजनेची पहिली ओळ मागच्या शेडपासून सुरू व्हायला हवी.

सही कोणाची?

चांगलं कुठे होतच नाही असं नाही. चाकणला बजाज ऑटोने २०१०च्या सुमारास माणसाच्या शेजारी, जाळीविना उभे राहणारे छोटे रोबो वापरायला घेतले, तेव्हा देशात त्यांचं नावही फारसं कोणी ऐकलं नव्हतं. पुढे ते शंभरावर गेले. बोल्ट कसण्यासारखं मनगट दुखवणारं काम रोबोकडे आणि नजर, निवाडा माणसाकडे. लाइनवर मुलीही मोठ्या संख्येने आहेत. माणूस घालवून रोबो आणलेला नाही, माणसाच्या बाजूला आणलाय. मोठ्या कंपनीला परवडतं, असं म्हणून हात झटकू नका. विचार करायला मोठी कंपनी लागत नाही.

तेव्हा कोटेशन मागवायच्या आधी मालकांनी एवढं करावं. एक पूर्ण पाळी त्या मशीनशेजारी उभं राहावं. मोबाइल केबिनमध्ये ठेवून. माणूस कागदावरच्या चार ओळींपलीकडे काय काय करतो, ते लिहून घ्यावं. त्यातलं काय मुळात नकोच आहे, ते आधी काढावं. जे एअर ब्लोने, बशीने, जाळीने भागतं ते भागवावं. तरीही जे उरेल, त्याला रोबो घ्यावा, जरूर घ्यावा. आणि ज्याचं काम जाणार, त्याला टपरीवाल्याच्या आधी मालकाने स्वतः सांगावं, की नोकरी जाणार नाही, रोबो तूच चालवायचास, शिकायला कंपनी पाठवेल, पगार वाढेल. हे खरं असेल तरच सांगावं. खोटं शॉपफ्लोअरवर दुपारच्या जेवणाआधी उघडं पडतं.

शेवटची सूचना खरेदी खात्याला. परचेस ऑर्डरवर मालकाची सही असते, फायनान्सची असते, प्रॉडक्शन हेडची असते. एक रकाना वाढवा: ऑपरेटर. त्याने जॉब, फिक्श्चर आणि ग्रिपर बघून 'हे चालेल' म्हणून सही केल्याशिवाय इंटिग्रेटरला ॲडव्हान्सचा चेक देऊ नका. ग्राहकाच्या चेकशीटमधला रकाना भरायला पंचवीस लाख लागतात. या रकान्याला एक पेन पुरतं.